घरट्याच्या पेटीवरून होणारी भांडणं कशी कमी करावीत

पेटी कोणाची, हे भोकाच्या मापावर ठरतं. चिमणीला ३२ मिमी व्यासाचं गोल भोक पुरतं. साळुंकी त्यातून आत शिरू शकत नाही. रामगंगा या छोट्या पक्ष्यासाठी भोक २८ मिमीचंच ठेवा, म्हणजे चिमणी बाहेर राहते. ३२ मिमीच्या पेटीत रामगंगेने घरटं सुरू केलं, तरी चिमण्या तिला हुसकावून पेटी बळकावतात. दयाळ पक्ष्याची गोष्ट अवघड. त्याला मोठं भोक लागतं आणि ते साळुंकीलाही चालतं. तिथे एकच उपाय, दोन-तीन पेट्या एकमेकींपासून लांब लावायच्या.

फळी किमान १५ मिमी जाड घ्या. भोकाची खालची कड तळापासून १२ ते १५ सेंमी वर हवी, नाहीतर बाहेरून चोच घालून पिल्लं ओढली जातात. सुतारपक्षी आणि खारी भोक कुरतडून मोठं करतात, मग मापाचा उपयोगच उरत नाही. म्हणून भोकाभोवती पत्र्याची चकती ठोका आणि तिची धार कानशीने घासून घ्या. भोकाखाली बसायला दांडी मुळीच नको! पेटीतल्या पक्ष्याला तिची गरज नसते, ती हल्लेखोराच्याच कामी येते.

चिमण्या वस्तीने राहतात, त्यांच्या पेट्या शेजारी-शेजारी चालतात. रामगंगेच्या दोन जोड्या मात्र जवळ टिकत नाहीत. दाण्याचं भांडंही पेटीपासून दूरच टांगा.

अंडी दिसल्यावर पेटी हलवू नका, भोकही बदलू नका. पिल्लं उडून गेल्यावर जुनं घरटं काढा आणि पेटी उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.