३२ बिटचा सी कोड ६४ बिटवर नेताना या चुका टाळा

कोड कंपाइल झाला, टेस्टही पास झाल्या, आणि चार दिवसांनी भलत्याच फंक्शनमध्ये सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या पत्त्यावरची मेमरी वापरल्याने प्रोग्रॅम बंद पडणं) आला. अशा वेळी त्या फंक्शनमध्ये डोकं खुपसू नका. डीबगरमध्ये आधी पॉइंटरची, म्हणजे त्यात ठेवलेल्या मेमरीच्या पत्त्याची, किंमत बघा. १६ हेक्स अंकांपैकी डावीकडचे आठ सगळे शून्य किंवा सगळे एफ असतील, तर तो पॉइंटर वाटेत कुठेतरी इंटमध्ये (पूर्णांकाच्या प्रकारात) शिरून आला असण्याची दाट शक्यता आहे.

३२ बिटवर इंट, लाँग आणि पॉइंटर तिघेही ४ बाइटचे, त्यामुळे कोणालाही कोणात ठेवलं तरी खपून जायचं. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर लाँग व पॉइंटर ८ बाइटचे झाले, इंट ४ बाइटचाच राहिला. विंडोजवर तर लाँगही ४ बाइटचाच. म्हणून 'पॉइंटर लाँगमध्ये ठेवतो' हा लिनक्सवर चालणारा तोडगा विंडोजवर तोंडघशी पाडतो. पत्ता आकडा म्हणून ठेवायचाच असेल तर सी९९ मध्ये (सी भाषेच्या १९९९ च्या स्टँडर्डमध्ये) आलेला युइंटपीटीआर_टी वापरा.

ही चूक लपून राहते याचं कारण मजेशीर आहे. इंटमध्ये पत्त्याचे खालचे ३२ बिटच उरतात. पत्ता पहिल्या २ जीबीतला असेल तर कापलेले बिट शून्यच असतात, काही बिघडत नाही. २ ते ४ जीबीमधला असेल तर परत पॉइंटर करताना तो आकडा ऋण समजला जातो आणि वर एफची रांग लागते. त्याच्याही वरचा असेल तर पत्ताच दुसरा. म्हणजे छोट्या डेटावर सगळं सुरळीत! मॅकवर ६४ बिट प्रोग्रॅमच्या पहिल्या ४ जीबीत सहसा काहीच ठेवलेलं नसतं, त्यामुळे तिथे ही चूक पटकन उघडी पडते.

कंपाइलर यावर वॉर्निंग देतो. पण आधी लाँग, मग इंट असा दुहेरी कास्ट (प्रकार सक्तीने बदलणं) करून कोणीतरी ती गप्प केलेली असते. जुन्या कोडमध्ये असे कास्ट ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने शोधून काढा. पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनचं डिक्लरेशन (वापरण्याआधीची घोषणा) राहिलं असेल तर जुने कंपाइलर त्याचा रिटर्न टाइप इंट धरायचे. जीसीसी या कंपाइलरच्या आवृत्ती १४ पासून तिथे थेट एररच येते, बरंच झालं.

सी++ वाल्यांनी स्ट्रिंगमध्ये शोधणाऱ्या फाइंडचं उत्तर अनसाइन्ड इंटमध्ये घेऊन एनपॉसशी ('सापडलं नाही' या खुणेशी) ताडू नये: ६४ बिटवर ते दोन कधीच सारखे निघत नाहीत. १ ला ४० ने डावीकडे शिफ्ट करायचं असेल तर तो १ आधी ६४ बिटचा हवा. साइझ_टी (आकार मोजायचा पूर्णांक प्रकार) छापताना पर्सेंट डी नको, पर्सेंट झेड यू.

आणि स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली व्हेरिएबल्स) जसाच्या तसा फाइलमध्ये लिहिला असेल तर जुन्या फाइल वाचून बघाच. इंट, पॉइंटर, इंट असा स्ट्रक्ट ३२ बिटवर १२ बाइटचा होता. ६४ बिटवर पॅडिंगसकट (भरीच्या रिकाम्या बाइटांसकट) तो २४ होतो.