संपची काच कापायला देण्याआधी

संप म्हणजे माशांच्या टाकीखाली कॅबिनेटमध्ये ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. आधी टेप घ्या आणि वरच्या टाकीची लांबी-रुंदी मोजा. संप केवढा हवा असं दुकानात विचारलं की ‘वरच्या टाकीच्या पाव ते एक तृतीयांश’ असं उत्तर मिळतं. ते चुकीचं नाही, पण संप ओसंडणार की नाही हे त्यावरून कळत नाही. ते ठरतं लाइट गेल्यावर वरून किती पाणी खाली येतं यावर. हा आकडा कागदावर उतरेपर्यंत काच कापायला देऊ नका.

आमची टाकी चार फूट बाय दीड फूट, उंचीही दीड फूट, म्हणजे साधारण अडीचशे लिटर. या टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली की साडेपाच लिटरहून जास्त पाणी खाली येतं. पंप चालू असताना पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी खाली सोडणाऱ्या खाचेच्या, दातांवरून दोन-तीन सेंटीमीटर चढून वाहतं. पंप थांबला की तेवढं सगळं उतरतं, तीन सेंटीमीटरला 17 लिटर. पाइपातलं पाणी वेगळं धरा. एक इंची पाइपात मीटरला अर्धा लिटर असतं.

खरा घोळ रिटर्नच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर टाकीत आणणाऱ्या पाइपाच्या, तोंडाशी होतो. ते पाण्यात पाच सेंटीमीटर बुडलेलं असेल, तर पंप बंद पडताच तोच पाइप उलटा वाहू लागतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. मग 17 चे 28 लिटर होतात. म्हणून तोंड पृष्ठभागाजवळच ठेवा, आणि पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली छोटं भोक पाडा. तिथून हवा शिरली की ओढ तुटते. हे भोक शेवाळाने बुजतं, तेव्हा आठवड्याला एकदा काडी फिरवाच. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका. एवढीशी गोगलगाय अडकली तरी तो नीट मिटत नाही.

हे सगळं मी आधी मोजलं नव्हतं. आमचा पहिला संप दोन फुटी होता, काठोकाठ भरलेला. रात्री लाइट गेली आणि पहाटे उठलो तर पाय ओल्या फरशीवर पडला. मासे सुखरूप होते, पण कॅबिनेटचं खालचं प्लाय फुगून त्याचे पदर सुटले होते. वर अडीचशे किलो पाणी आणि खाली असं प्लाय, ते बघून पोटात गोळा आला.

आता कॅबिनेट. मापं आतून घ्या आणि दाराची चौकट वेगळी मोजा. मधे खांब असेल तर 30 इंची संप दारातून आत वळत नाही. तो टाकी ठेवण्याआधीच आत बसवावा लागतो. संपच्या वर निदान फूटभर जागा सोडा, नाहीतर स्पंज बाहेर काढताना हात अडकतो.

आमचा आताचा संप 30 बाय 14 इंच, 15 इंच उंच आहे. पाणी नऊ इंचांवर चालतं आणि काठापासून एक इंच सोडूनही 34 लिटरला जागा उरते. आत काचेचे पडदे घालून कप्पे करताना जागेची काटकसर शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात करू नका. बाष्पीभवनाची सगळी घट तिथेच दिसते. सहा इंची कप्प्यात दोन लिटर उडाले की पाणी जवळजवळ चार सेंटीमीटर उतरतं. मे महिन्यात, पंख्याखाली, दिवसाला तेवढं उडू शकतं. पाच दिवस गावाला गेलात तर पंप कोरडा पडून जळेल, म्हणून पाणी घालणारं कुणीतरी आधीच ठरवा.

पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी चार फूट वर चढवायचं तर तो बराच घटतो, तेव्हा तुमच्या उंचीचा आकडा बघूनच पंप घ्या. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोचत नाही.

मासे सोडण्याआधी पाणी भरा, पंप तासभर चालवा आणि मेन स्विच बंद करा. पाणी उतरायचं थांबलं की संप किती भरला ते बघा. काठापासून दोन बोटं जागा उरली नसेल तर पाणी काढा आणि पुन्हा करा. तीनदा जमलं की पंप चालू असतानाच्या पातळीवर पंपाच्या कप्प्याच्या काचेला लाल टेप लावा आणि त्यावर ‘याच्या वर पाणी नको’ असं मोठ्या अक्षरात लिहा, कारण तुम्ही घरी नसताना पाणी दुसरंच कुणीतरी घालणार आहे.