झॉम्बी आलेच तर: घरच्या सामानातून अंगाचं चिलखत आणि गाडीची जाळी कशी करायची

पहिली गोष्ट, झॉम्बीकडे बंदूक नसते. तलवार नसते, कट्यार नसते. त्याच्याकडे दोन हात आणि दात, तेही सगळे शाबूत असतील असं नाही. हे आधी डोक्यात फिट करा, कारण आपल्याकडे चिलखत म्हटलं की सगळ्यांना प्रतापगड आठवतो, १६५९ साल, अंगरख्याखालची लोखंडी कड्यांची जाळी वगैरे, आणि मग गडी निघतो भंगारवाल्याकडे पत्रा आणायला. ते चिलखत कट्यारीसाठी होतं हो. आपल्याला चावा अडवायचाय. चाव्याला लोखंड लागत नाही, जाड कापड लागतं.

पत्रा का नको याचं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातला नेड केली. दरोडेखोर होता, १८८० साली त्याने आणि त्याच्या टोळीने शेतातल्या नांगरांच्या लोखंडी पात्या ठोकून ठोकून अंगावर घालायचं चिलखत बनवलं. नेडच्या एकट्याच्या चिलखताचं वजन ४४ किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सिमेंटची एक गोणी अंगावर घेऊन फिरायचं. ग्लेनरोवनला पोलिसांशी चकमक झाली, छातीवर डोक्यावर गोळ्या टणाटण आपटून परत जात होत्या पण पाय उघडेच होते, पोलिसांनी पायावर गोळ्या घातल्या आणि गडी आडवा झाला. जड करून ठेवलं आणि नको ती जागा उघडी ठेवली, दोन्ही चुका एकाच माणसाने एकाच दिवशी केल्या.

मग कुठे झाकायचं? कोणी अंगावर आलं की आपला हात आपोआप पुढे जातो, म्हणून सगळ्यात आधी कोपरापासून बोटांपर्यंत. मग मान आणि खांदा. मग पोटऱ्या, कारण जमिनीवर पडलेला झॉम्बी पण चावतो. छाती पोट पाठ शेवटी, तिथे सपाट जागेवर दात रुतवणं तसं अवघडच आहे.

स्टेप १, हाताची बाही

यावर जास्त वेळ घालवा. पोलिसांच्या कुत्र्यांना ट्रेनिंग देणारा माणूस हातात जी जाड बाही घालतो ना ती बऱ्याचदा तागाची असते, आणि अल्सेशियनचे दात माणसापेक्षा कितीतरी वाईट. ताग म्हणजे आपलं गोणपाट. धान्याचं जुनं पोतं घ्या पण तागाचंच, ते पांढरं प्लास्टिकचं विणलेलं पोतं नको, ते शिवताना उसवतं आणि आत घाम धरतं.

जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापला की तयार बाही मिळते. अशा दोन घ्या, एकीत दुसरी घाला आणि मधे गोणपाटाचे दोन थर. मग दाभण आणि सुतळी घेऊन गोधडीला घालतो तसे धावदोरे घालायचे, बोटभर अंतरावर, उभे आणि आडवे. हा कंटाळा करू नका, थर नुसते एकावर एक ठेवले तर ते सरकतात आणि ऐनवेळी कोपरापाशी गोळा होतात, शिवले की मगच त्याचं कवच होतं. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईने सैनिकांसाठी कापडी अंगरखे ठरवून दिले होते, २५ ते ३० थर जुन्या मऊ कापडाचे आणि वरून हरणाचं कातडं. म्हणजे आपल्या आजीच्या गोधडीचा मोठा भाऊच. मी एक जुनी गोधडी फाडून बाह्या करणार होतो, घरात जो काही तमाशा झाला त्यानंतर जीन्सवर आलो.

दात आत गेला नाही तरी दाब बसतोच, हाड दुखावतं. म्हणून बाहीवर मनगट ते कोपर पीव्हीसीचं अर्धं नळकांडं. अडीच इंची पाईप, उभा चिरायचा, उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवला की मऊ पडतो, मग टॉवेल गुंडाळलेल्या बाटलीवर दाबून आकार द्यायचा आणि गार होऊ द्यायचा. डायरेक्ट हातावर आकार देऊ नका, भाजेल. गॅसच्या ज्योतीवर पण नको, पीव्हीसी जळलं की जो धूर निघतो तो फुफ्फुसांसाठी घातक असतो. कडा कानसने घासून गोल करा. शाळेच्या जुन्या दप्तराचे पट्टे आणि बकल काढून लावले की झालं.

हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते वेल्डिंगचे, चामड्याचे, लांब मनगटाचे. मोजा बाहीच्या वरून येऊ दे, मधे कातडी दिसता कामा नये.

स्टेप २, बाकीचं अंग

पोटरीला क्रिकेटचे पॅड चालतील असं सगळे म्हणतात पण ते फक्त पुढून असतात, मागची पोटरी मोकळी, नेड केली आठवा. त्यापेक्षा गमबूट, आणि त्यावर चार इंची पाईपचं तसंच अर्धं नळकांडं मागच्या बाजूने.

मानेसाठी योगा मॅटची चार बोटं रुंद पट्टी जीन्सच्या कापडात शिवून टाका, वेल्क्रो मागे. वेल्क्रोच हवं, गाठ नको, कारण कोणी कॉलर धरून ओढलं तर ती सुटून त्याच्या हातात राहिली पाहिजे आणि आपण पुढे. याच कारणाने ओढणी, मफलर, हुडी, लोंबणाऱ्या बॅगा सगळं बंद. लांब केस असतील तर हेल्मेटच्या आत.

हेल्मेट फुल फेस. नुसती टोपी टाईप जे लोक पोलीस दिसला की घालतात ते काही कामाचं नाही. काच घामाने धुरकटते म्हणून थोडी उघडी ठेवायची सवय लावून घ्या.

स्टेप ३, गाजर टेस्ट

हे माझं स्वतःचं आहे. तयार बाहीत एक जाड गाजर घाला आणि बाहेरून पक्कडीने कचकन दाबा, चार पाच ठिकाणी. पक्कड दातांपेक्षा जोर जास्तच लावते म्हणजे परीक्षा कडक आहे. गाजर बाहेर काढून बघा, साल फाटलीय का? नुसतं दबलंय तर ठीक, साल फाटली असेल तर आणखी एक थर. माझं पहिलं गाजर सरळ दोन तुकडे होऊन आलं.

मग दुसरी टेस्ट, सगळं घालून तीन मजले चढा, उतरा, परत चढा. मी हे एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर करायला गेलो आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसलो, डोळ्यासमोर काजवे. आपल्याकडच्या उन्हात झॉम्बीच्या आधी उष्माघात गाठेल. म्हणून आतून सुती बनियन, छातीपाठीला जाड काही नाही, बाहेर पडायचं ते पहाटे किंवा संध्याकाळी, आणि ओआरएसची पाकिटं खिशात.

स्टेप ४, गाडी

इथे लोकांचं डोकं फिरतं. चारही बाजूंनी पत्रा, वर खिळे, पुढे नांगर. थांबा. ३ एमएम जाडीचा, आठ बाय चार फुटांचा एक एमएस (साध्या लोखंडाचा) पत्रा साधारण ७० किलोचा असतो. असे सहा लावले की ४२० किलो, छोट्या हत्तीची (टाटा एस टेम्पोची) निम्म्याहून जास्त ताकद पत्रा वाहण्यातच गेली, माणसं आणि पाणी कुठे ठेवणार? त्यात वजन जितकं वर तितकी गाडी वळणावर कलंडणार. इराकमध्ये अमेरिकन सैनिकांनी हेच केलं होतं, भंगारातला पत्रा हमव्हीला, म्हणजे लष्करी जीपगाडीला, जोडायचे, २००४ च्या डिसेंबरमध्ये कुवेतला एका सैनिकाने संरक्षणमंत्री रम्सफेल्डना सगळ्यांसमोर विचारलं की आम्हाला भंगार का उकरावं लागतंय. त्यांच्यासमोर बॉम्ब होते, नाईलाज होता. तुमच्यासमोर हात आहेत फक्त.

हाताला जाळी पुरते. पोलिसांच्या गाडीला असते तशी वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली जाळी, एक इंची भोकाची, काचेपासून दोन तीन बोटं लांब, म्हणजे जाळी दाबली गेली तरी काचेला लागणार नाही. नटबोल्टने बसवा, शक्यतो वेल्डिंग टाळा. करायचंच झालं तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, डिझेल टाकीजवळ ठिणगी नको, आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी असेल तर मोकळ्या हवेतच, तो जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडीताप भरतो. रेडिएटरसमोर पत्रा कधीच नाही, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बास, इंजिन तापून बंद पडलं तर तुम्ही झॉम्बीसाठी डब्यात बंद केलेलं जेवण झालात.

पुढचा बुलगार्ड आत्ता लावू नका, २०१७ पासून केंद्राने बेकायदेशीर ठरवलाय, आणि झॉम्बी येईपर्यंत आरटीओ आहेच.

ड्रायव्हरच्या दाराची जाळी बिजागरीवर हवी आणि कडी आतून. गाडी उलटली, पेटली, तर बाहेर पडता आलं पाहिजे, आणि ते डोळे मिटून, मोजे घातलेल्या हाताने जमलं पाहिजे, म्हणून दहा वेळा उघडझाप करून बघा. पावसाळ्यात ती कडी गंजते, महिन्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल सोडत जा.