बारावीनंतर एनडीए की पदवीसोबत एनसीसी: सैन्याधिकारी होण्याचा मार्ग कसा ठरवावा

सैन्यात अधिकारी व्हायचे असे मुलाने किंवा मुलीने मनाशी पक्के केले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो हा: बारावी होताच एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जावे, की महाविद्यालयात एनसीसी (राष्ट्रीय छात्र सेना) करत पदवीनंतर प्रयत्न करावा? भूदलापुरते बोलायचे तर दोन्ही वाटा लेफ्टनंटच्या पदापर्यंत पोहोचवतात आणि दोन्हींवर एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत असतेच. त्यामुळे ‘चांगला मार्ग कोणता’ हे विचारण्याआधी कोणता दरवाजा कधी बंद होतो, हे पाहावे.

एनडीएचा दरवाजा आधी बंद होतो. वयाची मर्यादा साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असून यूपीएससीची (केंद्रीय लोकसेवा आयोगाची) परीक्षा वर्षातून दोनदा होते, म्हणजे बारावीत असतानाच अर्ज भरायला सुरुवात केली नाही तर हाती मोजक्याच संधी उरतात. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. तरीही सर्वांनाच द्याव्या लागणाऱ्या लेखी परीक्षेच्या 900 गुणांपैकी 300 गुण गणिताचे असल्यामुळे, दहावीनंतर गणित सोडलेल्या विद्यार्थ्याने ते पुन्हा नेटाने हाती घेतले पाहिजे.

निवड झाली की खडकवासल्यात तीन वर्षे, सहा टर्म, आणि अखेरीस दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची पदवी. त्यानंतर भूदलाचे कॅडेट डेहराडूनच्या आयएमएत (भारतीय सैन्य प्रबोधिनीत), नौदलाचे केरळमधल्या एळिमलाला आणि हवाई दलाचे हैदराबादजवळच्या दुंडिगलला पुढचे प्रशिक्षण घेतात. शिक्षण, निवास आणि भोजनाचा भार सरकार उचलते. कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, कायमस्वरूपी असते. 2022 पासून येथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. मात्र सतरा-अठराव्या वर्षी पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस दुसऱ्याने आखलेला असणे ज्याला मनापासून मान्य आहे, त्यानेच हा मार्ग धरावा. केवळ वडिलांची इच्छा म्हणून तेथे गेलेल्या मुलाला ती तीन वर्षे फार जड जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एनसीसीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा, की ती म्हणजे महाविद्यालयातली छोटी एनडीए. तसे मुळीच नाही. एनसीसी केल्याने सैन्यात जाण्याचे बंधन येत नाही आणि नोकरीची हमीही मिळत नाही. मिळते ती एक वेगळी संधी: एनसीसीच्या तिसऱ्या वर्षी मिळणाऱ्या ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला 50 टक्के गुण असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीसाठी अर्ज करता येतो. जागा एका तुकडीला शंभराच्याही आत असतात, आणि चेन्नईच्या ओटीएतून (अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतून) मिळणारे कमिशन हे शॉर्ट सर्व्हिसचे, म्हणजे आधी दहा वर्षांचे व पुढे चार वर्षांनी वाढू शकणारे असते. हा फरक पुष्कळ कुटुंबांना फार उशिरा कळतो. पदवीनंतर थेट कायमस्वरूपी कमिशन हवे असेल, तर मुलांनी यूपीएससीची सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा) परीक्षा देऊन आयएमए गाठावे. तेथेही काही जागा ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी राखीव असतात. मुलींना सीडीएसमधून आजवर ओटीएचाच मार्ग खुला राहिला आहे, म्हणून त्यांनी एनडीएचे प्रयत्न हातचे सोडू नयेत.

एनसीसीचा खरा उपयोग एसएसबीच्या पाच दिवसांत दिसतो. मानसशास्त्रीय चाचणीत पडद्यावर एकेक शब्द येतो, पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचे असते, आणि असे साठ शब्द ओळीने येतात. पाठ केलेली वाक्ये तेथे दहाव्या-बाराव्या शब्दापर्यंत कशीबशी पुरतात. पुढे माणूस जसा आहे तसाच कागदावर उतरतो. ज्याने शिबिरात चिखलात तंबू ठोकला आहे, रुसलेल्या सोबत्याला परेडला उभे केले आहे, त्याच्याजवळ मुलाखतीत सांगण्यासारखे स्वतःचे काहीतरी असते.

म्हणून या दोन मार्गांतून एकच निवडण्याची घाई करू नये; ते क्रमाने चालावेत. दहावीतच कल स्पष्ट असेल, तर राज्य शासनाच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थांचा विचार करावा. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगर आणि मुलींसाठी नाशिक येथे अशी निवासी तयारी करून घेतली जाते. बारावीत एनडीएचा अर्ज भरावाच. निवड झाली नाही, तर पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना त्या महाविद्यालयात एनसीसीचे सीनिअर डिव्हिजन (मुलांसाठी) किंवा सीनिअर विंग (मुलींसाठी) आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारावे. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेतून ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्र मिळत असल्याने, पहिल्या वर्षी नाव नोंदवायचे राहून गेले तर पदवीच्या काळात तीन वर्षे पुरी होत नाहीत. एनसीसीची भरती बहुधा सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच, धावणे आणि उंचीची चाचणी घेऊन उरकली जाते. तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच महाविद्यालयातील एनसीसी अधिकारी असलेल्या प्राध्यापकांना भेटून भरतीची तारीख वहीत लिहून घ्यावी.