जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा सोडताना या चुका टाळा

वसई, उत्तन, गोराई, आरेचे पाडे. परसात पाच-दहा कोंबड्या बाळगणारी घरं मुंबईच्या आसपास अजून आहेत. नव्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या की रात्री हळूच खुराड्यात सरकवायच्या, सकाळपर्यंत सगळ्या एक होतात, असा तिथला जुना हिशेब. तो बसत नाही. उजाडलं की जुन्यांना परक्या बरोबर ओळखू येतात आणि बंद खुराड्यात पळायला जागा नसते. रात्री सोडायला हरकत नाही, पण त्याआधी महिना-दीड महिन्याची तयारी लागते.

सगळ्यात महागात पडतं ते आणल्या दिवशीच मिसळणं. टोचाटोचीपेक्षा रोगाने जास्त नुकसान होतं. मानमोडी (राणीखेत), सर्दी, उवा यांतलं काहीही तरतरीत दिसणाऱ्या पक्ष्याबरोबर घरात येऊ शकतं. नव्यांना 3 ते 4 आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. भांडी वेगळी आणि तुमच्या चपलासुद्धा वेगळ्या. शेपटीखालची पिसं बाजूला करून पाहा. पिसांच्या मुळाशी पांढरट पुंजके चिकटलेले असले तर ती उवांची अंडी. मानमोडीच्या लशी कधी दिल्या हे विकणाऱ्याला विचाराच. ‘सगळं झालंय’ या उत्तरावर जाऊ नका.

मग जाळीची पाळी. त्याच आवारात मध्ये जाळी लावून 1 ते 2 आठवडे जुन्या आणि नव्या एकमेकींसमोर ठेवा, खाणं जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ मांडा. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्डिंगची घ्या. षटकोनी पातळ जाळी स्वस्त पडते, पण मुंबईची घूस ती सहज कुरतडते. नंतर संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, मोकळ्या अंगणात एकत्र सोडा आणि रोज वेळ वाढवत न्या.

एकटी तलंग कधीच आणू नका. सगळा मार तिच्याच वाट्याला येतो. निदान दोन-तीन हव्यात. खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीने स्वतः वाढवलेली पिल्लं आईच्या आडोशाने लवकर सामावतात. बाकीच्यांना 12 आठवड्यांच्या आत, अंगापिंडाने जुन्यांच्या जवळ येईपर्यंत, सोडू नये.

खाद्याची चूक दिसत नाही म्हणून राहून जाते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीचं महिनोन्‌महिने पोटात गेलं तर मूत्रपिंड बिघडतं. जुन्या-नव्यांना दोन वेगळी खाद्यं घालत बसलात तर त्या एकमेकींचंच खातात. त्यापेक्षा सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं, खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी देणाऱ्या लागेल तेवढा उचलतात, तलंगा सहसा तोंड लावत नाहीत.

मिसळल्यावर थोडं टोचणं, पाठलाग, तुऱ्याला ओरखडा चालायचंच. लगेच वेगळ्या काढल्यात तर कोण वरचढ, कोण खालची हा क्रम ठरतच नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पण तलंग दिवसभर कोपऱ्यात बसतेय का, हे बघा. अंधार पडल्यावर दांडीवर बसली की तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली, टणक लागली तर ठीक. रिकामी असेल तर जुन्या तिला खाऊ देत नाहीत. अशा वेळी एक भांडं पाच-सहा फुटांवर वाढवा आणि दोन्हीकडून निघता येईल असा फळीचा आडोसा करा. एकच वाट असलेल्या कोपऱ्यात ती अडकते. दांडीवर प्रत्येकीला 8 ते 10 इंच जागा हवी.

रक्त दिसलं की मात्र थांबू नका, बाकीच्याही त्या जागेवर तुटून पडतात. जखमी पक्षी बाजूला घेऊन जेन्शन व्हायलेट लावा; लाल जागा झाकली जाते. मारकी एकच असेल तर तिलाच 3-4 दिवस नजरेआड ठेवा. परत येते तेव्हा तिचा तोरा उतरलेला असतो.

पावसाळ्यात शक्यतो हे काम काढू नका. खुराड्यात अंथरलेल्या ओल्या, उबदार भुशात कॉक्सिडिया हा आतड्याचा सूक्ष्म परजीवी झपाट्याने वाढतो आणि ताणात असलेल्या तलंगा आधी बळी पडतात. भुसा मुठीत दाबून गोळा होत असेल तर बदला. पंख पाडून बसणं, विष्ठेत रक्त दिसलं की परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात किंवा जवळच्या पशुवैद्यांकडे न्या, ताजी विष्ठा डबीत घालून सोबत घ्या.