जुन्या सिंथला नवा पॉवर सप्लाय जोडण्याआधी
जुना सिंथेसायझर अचानक मुका झाला आणि दोष पॉवर सप्लायचाच निघाला, तरी नवा सप्लाय आणून थेट मुख्य बोर्डाला जोडू नका. आधी तो टेबलावर एकटा चालवून पाहा.

बऱ्याच वाद्यांत डिजिटल भागाला +५ व्होल्ट लागतात आणि ऑडिओच्या भागाला +१५ व −१५, किंवा ±१२. पाचच्या आउटपुटवर १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा, म्हणजे अर्धा अँपिअर लोड मिळेल. लोडशिवाय काही एसएमपीएस (ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या सप्लायऐवजी येणारे स्विचिंग पद्धतीचे सप्लाय) धड चालतच नाहीत. मल्टिमीटरवर आकडा ४.७५ ते ५.२५ च्या आत स्थिर राहायला हवा. रेझिस्टर तापतो, हात लावू नका.

खरा घात होतो तो कनेक्टरवर. प्लग नीट बसला म्हणजे पिनांचा क्रमही तोच आहे, असं अजिबात धरू नका. तारांच्या रंगांवरही विसंबू नका. जुना सप्लाय काढण्याआधी फोटो घ्या, सर्किट डायग्रामवरून प्रत्येक पिनचं व्होल्टेज कागदावर उतरवा. +१५ चुकून पाचच्या वाटेला गेलं तर आवाज घडवणाऱ्या चिप क्षणात जळतात, आणि त्यांतल्या कित्येक आता बनतच नाहीत.

मूळ सप्लाय ट्रान्सफॉर्मरचा असेल तर मी तरी आधी तोच दुरुस्त करून बघतो. अनेकदा फक्त फिल्टर कपॅसिटर (व्होल्टेजमधले चढउतार सपाट करणारे) वाळलेले असतात.

एसएमपीएस उघडणार असाल तर जपून: २३० व्होल्टच्या मेन्सवर त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात.