पूलमधल्या अडचणीच्या शॉटांचा सराव कसा करावा

पूल म्हणजे लांब काठीने (क्यूने) पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या भोकांत (पॉकेटमध्ये) पाडायचा खेळ. सरावाला उभं राहिलं की आपण पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध, सोयीच्या जागी ठेवतो. गेममध्ये मात्र तो कुशनला (टेबलाच्या आतल्या रबरी कडेला) चिकटतो, नाहीतर दुसऱ्या बॉलला खेटून बसतो. म्हणून अडचण मुद्दाम मांडायची. फाइलच्या कागदाच्या भोकाभोवती लावतात ती गोल चिकटी बॉलच्या जागी लावा, म्हणजे तोच शॉट हुबेहूब परत लावता येतो.

१. कुशनला चिकटलेला बॉल
हा सगळ्यात जास्त वेळा येतो, सरावाचा निम्मा वेळ यालाच द्या. बॉलचा व्यास ५७.१५ मिमी आणि कुशनची कड त्याच्या उंचीच्या साधारण ६३ टक्क्यांवर. म्हणजे टिपला (क्यूच्या पुढच्या टोकाला) वरचा जेमतेम एक तृतीयांश भागच मिळतो. टिपला खडू नीट लावा. पंजा लाकडी कडेवर सपाट टेकवा, मागचा हात थोडा पुढे धरा आणि क्यू होईल तितका आडवा ठेवा. क्यू फक्त चार बोटांएवढाच मागे ओढून हळू मारा.

आधी दुसरा बॉल नकोच. समोरच्या कुशनवर काटकोनात मारा. बॉल थेट टिपकडे परत यायला हवा. सरळ जाऊन उजवीकडे परतला, तर टिप मध्याच्या उजवीकडे लागली. जातानाच वळत असेल, तर क्यू जास्त उचलला जातोय आणि साइडही (बाजूची फिरकी) लागतेय. हे जमलं की वीतभर अंतरावर, पॉकेटच्या सरळ रेषेत बॉल ठेवा. अंतर हळूहळू वाढवा. जोर सगळ्यात शेवटी.

२. बॉलवरून मारायचा शॉट
पांढऱ्या बॉलच्या अगदी मागे दुसरा बॉल असला की क्यू त्याच्यावरून न्यावा लागतो. या मधल्या बॉलला क्यू, बोट किंवा शर्टाची बाही लागली तरी फाउल. बोटांची टोकं तिवईसारखी घट्ट रोवा, क्यूचं मागचं टोक उचला आणि बॉलच्या उभ्या मध्यरेषेवर हलकेच मारा. सुरुवातीला दोन बॉलमध्ये एका बॉलाएवढी फट ठेवा, मग ती कमी करत जा. पांढरा बॉल पुढच्या शॉटसाठी सोयीच्या जागी थांबवायचा (पोझिशनचा) मोह टाळा, बॉल पॉकेटमध्ये गेला (पॉट झाला) तरी खूप. आणि शॉट झाल्यावर हात लगेच खाली टाकू नका. बरेच फाउल तिथेच होतात.

३. हात पुरत नाही तेव्हा
मारताना एक पाय जमिनीवर हवाच. रेस्ट (क्यू टेकवायची, टोकाला खाच असलेली काठी) मागायला लाजण्यात अर्थ नाही. ती टेबलावर आडवी टाकून दुसऱ्या हाताने दाबून ठेवा. क्यू मागच्या टोकाशी धरा, अंगठा खाली, कोपर बाजूला, आणि पुढे ढकलल्यासारखा छोटा स्ट्रोक घ्या. डाव्या हाताने खेळणंही शिकता येतं, पण त्याला वेळ लागतो. आधी रेस्ट शिका, असं माझं मत.

४. सगळं एकत्र
पंधराही बॉल टेबलावर पसरा. प्रत्येक शॉटनंतर पांढरा बॉल हाताने जवळच्या कुशनला नेऊन चिकटवा आणि तिथूनच पुढचा मारा. चुकलात तर बॉल बदलू नका, तोच पॉट होईपर्यंत खेळा.